व्यवस्थापन शिक्षणावरील जागतिक मोहोर : तिचा अर्थ आणि तिची मर्यादा

जानेवारी ते एप्रिल या काळात निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील शीतगृहांतून द्राक्षांच्या पेट्या युरोपकडे रवाना होतात. प्रत्येक पेटीची नोंद असते. ती द्राक्षे कोणत्या गावातील कोणत्या बागेची, त्या बागेच्या नमुन्याची तपासणी कोणत्या प्रयोगशाळेत झाली, हे त्या नोंदीवरून सातासमुद्रापलीकडील खरेदीदारासही समजू शकते. कृषी निर्यातीचे काम पाहणाऱ्या ‘अपेडा’ या केंद्रीय संस्थेने २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ या नावाने ही व्यवस्था सुरू केली. त्याखेरीज युरोपातील मोठ्या विक्रेत्यांनी १९९७ मध्ये ‘युरेपगॅप’ या नावाने सुरू केलेले व २००७ पासून ‘ग्लोबलगॅप’ म्हणून ओळखले जाणारे प्रमाणपत्रही नाशिकच्या बागायतदारांच्या चांगल्या परिचयाचे झाले आहे. या प्रमाणपत्रासाठी येणारा निरीक्षक घडाची गोडी चाखून पाहत नाही. तो फवारणीची नोंदवही मागतो, औषधे कोठे ठेवली आहेत ते पाहतो, मजुरांना हातमोजे दिले जातात काय याची चौकशी करतो. फळ नव्हे, तर फळ पिकविण्याची रीत तो तपासतो.

याच बागायतदारांची मुले-मुली पदवीधर होऊन एम.बी.ए.च्या प्रवेशासाठी वेगवेगळ्या संस्थांच्या माहितीपुस्तिका घरी आणतात, तेव्हा मात्र घरातील जाणती मंडळी गोंधळून जातात. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर चार-पाच मुद्राचिन्हे असतात. कोठे ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’ असे शब्द असतात, कोठे ‘जागतिक संघटनेचे सदस्य’ असे शब्द असतात. शुल्काचा आकडा पाहिला की, या चिन्हांपैकी नेमक्या कशासाठी एवढे पैसे मोजावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. सल्ला विचारण्यासाठी ही कुटुंबे गावातील शिक्षकाकडे किंवा ग्रामपंचायतीच्या एखाद्या शिकलेल्या सदस्याकडे जातात. त्यांना या मान्यतांचे स्वरूप ठाऊक असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

मान्यतेचे चार प्रकार

व्यवस्थापन शिक्षण देणाऱ्या संस्थेच्या कागदपत्रांत चार वेगवेगळ्या गोष्टी आढळतात आणि बोलताना त्या सर्वांना ‘मान्यता’ हा एकच शब्द वापरला जातो. घोटाळ्याचे मूळ तेथेच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे संस्था चालविण्याची परवानगी. ती अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद देते. ही परिषद १९४५ मध्ये स्थापन झाली आणि १९८७ च्या अधिनियमाने तिला वैधानिक दर्जा प्राप्त झाला. २०२४-२५ या वर्षापासून बी.बी.ए. यांसारखे पदवी अभ्यासक्रमही तिच्या कक्षेत आणण्यात आले आहेत. दुसरी गोष्ट विद्यापीठाची संलग्नता. नाशिक जिल्ह्यातील एम.बी.ए.च्या बहुतेक महाविद्यालयांची पदवी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची असते. संस्थेचे नाव कितीही मोठे असले तरी प्रमाणपत्रावर मोहोर विद्यापीठाचीच उमटते. ज्या स्वायत्त संस्था विद्यापीठाशी संलग्न नाहीत, त्या एम.बी.ए. ही पदवी न देता व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका देतात.

या दोन गोष्टी नसतील तर पुढचे काहीच पाहण्याचे कारण नाही. त्या असणे हे गुणवत्तेचे लक्षण नसून अस्तित्वाची किमान अट होय.

तिसरी गोष्ट देशांतर्गत मूल्यांकनाची. त्यासाठी १९९४ मध्ये दोन यंत्रणा निर्माण झाल्या. ‘नॅक’ या नावाने सर्वत्र परिचित असलेली बंगळुरू येथील परिषद संपूर्ण महाविद्यालयाचे किंवा विद्यापीठाचे मूल्यांकन करते. राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ, म्हणजेच ‘एनबीए’, एकेका अभ्यासक्रमाची तपासणी करते. एखाद्या संस्थेच्या अभियांत्रिकीच्या एका शाखेला मंडळाची अधिस्वीकृती मिळाली, म्हणून त्याच आवारातील एम.बी.ए.ला ती आपोआप लागू होत नाही. ही बाब पुस्तिकेत ठळकपणे छापलेली क्वचितच आढळते.

आणि चौथी गोष्ट म्हणजे आंतरराष्ट्रीय अधिस्वीकृती. तिचा वाद्याशी, म्हणजे परवानगी किंवा पदवीच्या वैधतेशी, काहीही संबंध नाही. ती ऐच्छिक आहे.

येथे अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन यांतील एक महत्त्वाचा फरक सांगितला पाहिजे. अभियांत्रिकीच्या क्षेत्रात ‘वॉशिंग्टन करार’ या नावाचा देशादेशांतील अधिस्वीकृती संस्थांचा करार आहे. जून २०१४ मध्ये भारताच्या राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळाला त्यात कायम सदस्यत्व मिळाले. त्यामुळे मंडळाने त्या करारान्वये अधिस्वीकृत केलेला अभियांत्रिकी अभ्यासक्रम इतर सदस्य देशांत समकक्ष मानला जातो. एम.बी.ए.ला हा करार लागू नाही. व्यवस्थापन शिक्षण संस्थेला जागतिक पातळीवर आपली पारख करून घ्यावयाची असेल, तर तिला स्वतःहून परदेशी संघटनांच्या दारी जावे लागते, त्यांचे शुल्क भरावे लागते आणि त्यांच्या निकषांवर उतरावे लागते.

तीन संघटना

अशा संघटना अनेक असल्या तरी तिघींचा बोलबाला अधिक आहे. त्यांपैकी सर्वांत जुनी ‘एएसीएसबी’ ही अमेरिकन संघटना. तेथील विद्यापीठांच्या वाणिज्यविषयक विद्यालयांनी ती १९१६ मध्ये स्थापन केली आणि १९१९ मध्ये आपले पहिले निकष ठरविले. बराच काळ तिचे कार्यक्षेत्र उत्तर अमेरिकेपुरतेच होते. तेथून बाहेरच्या पहिल्या संस्थेला, फ्रान्समधील ‘एसेक’ला, तिची अधिस्वीकृती १९९७ मध्ये मिळाली. आज जगभरात एक हजाराहून अधिक संस्थांकडे ती आहे. दुसरी लंडनची ‘अॅम्बा’. १९६७ मध्ये एम.बी.ए. झालेल्या पदवीधरांच्या संघटनेतून ती उदयास आली आणि आजही तिचा मुख्य भर संस्थेपेक्षा एम.बी.ए. या अभ्यासक्रमावर आहे. तिसरी ‘एक्विस’ ही अधिस्वीकृती ब्रुसेल्स येथील युरोपीय व्यवस्थापन विकास प्रतिष्ठान देते. ती संपूर्ण संस्थेची असते आणि तीत संस्थेचे परदेशी संबंध व उद्योगजगताशी असलेला संपर्क यांवर विशेष कटाक्ष असतो. या तिन्ही मिळविणाऱ्या संस्थेला ‘त्रिमुकुटधारी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे.

भारतात ही वाट तशी उशिराच रुळली. आरंभीच्या काळात परदेशी संबंध म्हणजे परदेशी विद्यापीठाचे सहकार्य, असे समीकरण होते. अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ मध्ये हार्वर्डच्या साहाय्याने उभी राहिली. मुंबई विद्यापीठातील जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्थेला १९६५ मध्ये स्टॅनफर्डचे सहकार्य लाभले. त्या काळी परदेशी प्राध्यापक येऊन शिकवीत आणि आपले प्राध्यापक तेथे जाऊन शिकून येत. तपासनीस म्हणून परदेशी पथक येण्याची पद्धत पुढची आहे. अहमदाबादच्या संस्थेला २००८ मध्ये ‘एक्विस’ मिळाली. तिन्ही अधिस्वीकृती मिळविणारी भारतातील पहिली संस्था कोलकात्याची भारतीय व्यवस्थापन संस्था होय. महाराष्ट्रात अंधेरी येथील एस. पी. जैन व्यवस्थापन व संशोधन संस्था त्रिमुकुटधारी आहे, तर विलेपार्ले येथील नरसी मोनजी संस्थेच्या व्यवस्थापन विद्यालयाला ‘एएसीएसबी’ची अधिस्वीकृती आहे.

तपासणी कशाची होते

या संघटनांची तपासणी ग्लोबलगॅपच्या निरीक्षकाच्या जातीची आहे, असे म्हटले तर नाशिककरांना ते चटकन उमगेल. परीक्षेचा निकाल किती टक्के लागला, हे पाहून पथक परत जात नाही. संस्थेने प्रथम स्वतःचे मूल्यांकन करून सविस्तर अहवाल सादर करावयाचा असतो. ‘एएसीएसबी’च्या बाबतीत पात्रतेचा अर्ज, प्रारंभिक स्वयंमूल्यांकन, दरवर्षीचे प्रगती अहवाल आणि अखेरीस इतर संस्थांच्या प्रमुखांच्या पथकाची भेट, अशा पायऱ्या आहेत व त्या चढण्यास कित्येक वर्षे लागतात. ‘एक्विस’च्या पथकात प्राध्यापकांबरोबर उद्योगक्षेत्रातील व्यक्तीचाही समावेश असतो, आणि तिची अधिस्वीकृती तीन किंवा पाच वर्षांपुरतीच असते. मुदत संपली की पुन्हा सारे आलेच.

निकषांपैकी दोन विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत.

एक अध्यापकांविषयीचा. ‘एएसीएसबी’च्या २०२० च्या निकषांनुसार संस्थेतील एकूण अध्यापनापैकी सर्वसाधारणपणे किमान ७५ टक्के काम अशा अध्यापकांनी केलेले असावे की, जे केवळ तास घेऊन निघून जात नाहीत, तर अभ्यासक्रमाची आखणी, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन आणि संस्थेचे निर्णय यांत सहभागी असतात. शिवाय किमान ४० टक्के अध्यापन संशोधनात प्रत्यक्ष कार्यरत असलेल्या विद्वानांचे असावे, अशीही अपेक्षा आहे. तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या भरवशावर चालणाऱ्या आपल्याकडील महाविद्यालयांना हा निकष किती जड जातो, हे वेगळे सांगावयास नको. इमारत दोन वर्षांत उभी राहते, वातानुकूलित सभागृह सहा महिन्यांत सजते; संशोधन करणारा आणि संस्थेत टिकून राहणारा अध्यापकवर्ग घडण्यास मात्र दशक लागते. परदेशी शिक्क्याची खरी किंमत कोठे असेल तर ती येथे आहे.

दुसरा निकष अध्ययननिष्पत्तीचा. विद्यार्थ्याला काय यावे, हे संस्थेने आधी लिहून ठेवावयाचे. पुढे ते त्याला खरोखर आले काय, हे नमुन्यादाखल तपासावयाचे आणि उणीव आढळल्यास शिकविण्यात बदल करून तो बदल कागदोपत्री दाखवावयाचा. समजा, ‘आमचा विद्यार्थी सहकारी संस्थेचा ताळेबंद वाचून तिच्या प्रकृतीविषयी मत देऊ शकेल’ असे एखाद्या संस्थेने लिहिले. पथक तिला विचारील की, किती विद्यार्थ्यांना हे जमले, किती जणांना जमले नाही, आणि ज्यांना जमले नाही त्यांच्यासाठी पुढील वर्षी काय केले? उत्तीर्णांची टक्केवारी हे या प्रश्नाचे उत्तर होत नाही.

यादीत नसलेली गोष्ट

२०१० च्या हंगामात नाशिकच्या द्राक्षांवर मोठे संकट कोसळले होते. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याने युरोपात माल अडला आणि बागायतदार व निर्यातदार यांना जबर फटका बसला. बागांची तपासणी झालेली होती, प्रमाणपत्रेही होती. परंतु आपल्याकडे ज्या रसायनांची तपासणी होत असे, त्यांच्या यादीत हे रसायन नव्हते. तपासणी खोटी नव्हती. ती यादीपुरती खरी होती.

आंतरराष्ट्रीय अधिस्वीकृतीचेही असेच आहे. तिच्या यादीत जे आहे, तेवढ्याचीच ती ग्वाही देते. बारा वर्षे मराठी माध्यमात शिकून आलेला विद्यार्थी इंग्रजी वर्गात पहिल्या सत्रात गप्प बसतो, त्याला बोलते करण्याची संस्थेची काही सोय आहे काय? वसतिगृहाचा खर्च धरून दोन वर्षांचे शिक्षण किती रुपयांना पडते, आणि सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखान्यात लागणाऱ्या पहिल्या पगारातून ते कर्ज किती वर्षांत फिटते? ब्रुसेल्स किंवा फ्लोरिडाहून येणारे पथक हे प्रश्न विचारीलच, असे नाही. ते पालकालाच विचारावे लागतात.

काही निकष तर आपल्या रचनेशी जुळतच नाहीत. ‘अॅम्बा’च्या मते एम.बी.ए. हे अनुभवी व्यक्तीचे शिक्षण आहे. पदवीनंतर किमान तीन वर्षे काम केलेल्यांनाच त्यात प्रवेश असावा, अशी तिची अट आहे. आपल्याकडे मात्र राज्य सामाईक प्रवेश परीक्षा देऊन एम.बी.ए.ला येणाऱ्यांत नुकतेच पदवीधर झालेले विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात. अननुभवी पदवीधरांच्या अभ्यासक्रमांसाठी त्या संघटनेने वेगळा निकष ठेवला आहे. तरीही ज्या पदवीला जगात एम.बी.ए. म्हणतात आणि जिला आपण एम.बी.ए. म्हणतो, त्या दोन्ही तंतोतंत एक नाहीत, हे परदेशी नोकरीची आशा धरणाऱ्याने ध्यानात ठेवलेले बरे.

सवलतीच्या दृष्टीनेही एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेचा लाभ, तसेच जुलै २०२४ च्या शासन निर्णयान्वये वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी मिळणारी पूर्ण शुल्कमाफी, या गोष्टी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशाशी निगडित आहेत. संस्थेजवळ परदेशी अधिस्वीकृती आहे किंवा नाही, याचा त्यांच्याशी संबंध नाही. मोठ्या नावाला भुलून प्रक्रियेबाहेर प्रवेश घेतला आणि मग सवलतीसाठी खेटे घातले, अशी पाळी कोणावरही येऊ नये.

नाशिकसमोरील वाट

मग नाशिकसारख्या जिल्ह्यातील संस्थांनी या जागतिक मोहोरेचा विचारच करू नये काय? तसे नाही. ‘एएसीएसबी’ने १९९१ मध्ये एक मोठा बदल केला. सर्व संस्थांना एकाच मापाने मोजण्याऐवजी प्रत्येकीचे स्वतःचे ध्येय काय, आणि त्या ध्येयाला साजेसे काम ती करते काय, हे पाहण्यास तिने सुरुवात केली. त्यामुळे लहान संस्थेने मुंबईची किंवा बोस्टनची नक्कल करण्याचे कारण उरले नाही. अंधेरीच्या ज्या संस्थेचा वर उल्लेख आला, तिच्या अभ्यासक्रमातच विद्यार्थ्यांनी स्वयंसेवी संस्थांबरोबर ग्रामीण भागात जाऊन काम करण्याचा आणि वस्त्यांमधील शालेय मुलांना मार्गदर्शन करण्याचा भाग समाविष्ट आहे. पुण्याच्या वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्थेने तर १९६७ पासून सहकार हाच आपला विषय मानला आहे.

नाशिकला अशा ध्येयाची वाण नाही. लासलगावचा कांदा बाजार, मोहाडीची ‘सह्याद्री’ ही शेतकरी उत्पादक कंपनी, पिंपळगावची द्राक्षे, ओझरचा विमान कारखाना आणि त्याच्या आधारे वाढलेले लहान उद्योजक यांचे व्यवहार हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. कांद्याचे भाव कोसळल्यावर साठवणुकीचा निर्णय कसा घ्यावा, शेतकरी कंपनीच्या सभासदांना लाभांश द्यावा की शीतगृह बांधावे, या प्रश्नांवर वर्गात चर्चा करता येईल अशी प्रकरणे येथील अध्यापकांनी लिहिली, तर ते अस्सल संशोधन ठरेल; आणि परदेशी पथकालाही इतरत्र न मिळणारे काही येथे पाहावयास मिळेल.

दूरशिक्षण हा नाशिकचा आणखी एक विशेष. गंगापूर धरणाच्या परिसरात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १ जुलै १९८९ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले होते. नोकरी किंवा शेती सांभाळून शिकणाऱ्यांसाठी त्याचे दार खुले आहे. घरी बसून घेतलेल्या पदवीला जागतिक दर्जा कोठून येणार, अशी शंका काही जण घेतात. तिला उत्तर ब्रिटनमध्ये मिळते. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या तेथील मुक्त विद्यापीठाच्या व्यवस्थापन विद्यालयाने या तिन्ही अधिस्वीकृती मिळविल्या. पद्धत दूरस्थ असणे हा त्यात अडथळा ठरला नाही. लक्ष दिले गेले ते पाठ्यसाहित्य, गृहपाठावरील अभिप्राय आणि विद्यार्थ्याशी राखलेला संपर्क यांकडे. आणि ज्या अनुभवाचा ‘अॅम्बा’ आग्रह धरते, तो मुक्त विद्यापीठात येणाऱ्या नोकरदार विद्यार्थ्यापाशी आधीच असतो, ही गंमतीची गोष्ट म्हटली पाहिजे.

पडताळणी कशी करावी

सल्ला देणाऱ्या शिक्षकाने किंवा सदस्याने पुस्तिकेतील चिन्हांवर विसंबू नये. परवानगीसाठी तंत्रशिक्षण परिषदेची चालू वर्षाची यादी, संलग्नतेसाठी विद्यापीठाची यादी आणि प्रवेशासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची यादी पाहावी. दूरस्थ अभ्यासक्रम असल्यास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाने त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला त्या वर्षासाठी मान्यता दिली आहे काय, ते पाहावे. आंतरराष्ट्रीय अधिस्वीकृती सांगितली असेल तर ती देणाऱ्या संघटनेच्याच संकेतस्थळावर संस्थेचे नाव शोधावे.

तेथे एक सावधगिरी बाळगावी लागते. या संघटना संस्थांना सदस्यही करून घेतात, आणि सदस्यत्व म्हणजे अधिस्वीकृती नव्हे. द्राक्ष बागायतदार संघाची वर्गणी भरली म्हणून बागेचा उर्वरित अंश तपासून झाला, असे कोणी मानत नाही. परंतु पुस्तिकेवरील ‘सदस्य’ हा शब्द बारीक अक्षरांत आणि संघटनेचे चिन्ह मोठ्या आकारात छापलेले असले की नजर फसते. सदस्यांची यादी निराळी असते आणि अधिस्वीकृत संस्थांची निराळी. नाव दुसऱ्या यादीत आहे काय, ते कोणत्या अभ्यासक्रमासाठी आहे आणि त्याची मुदत कोणत्या वर्षापर्यंत आहे, हे पाहून ते कागदावर टिपून घ्यावे. त्यानंतर संस्थेत प्रत्यक्ष जाऊन कायम अध्यापक किती, मागील वर्षी किती विद्यार्थ्यांना कोठे नोकऱ्या लागल्या आणि त्यांतील सर्वांत कमी पगार किती होता, हे विचारावे. सर्वाधिक पगाराचा आकडा पुस्तिकेत छापलेलाच असतो.